सांदणमधली रिकामी बाटली

काळाचौकीला आमच्या चाळीत काही लपून राहत नाही. कोणाची आमटी करपली, कोणाच्या मुलीला बघायला पाहुणे आले, कोणाचं सुनेशी बोलणं बंद आहे, हे दुपारपर्यंत खालच्या मजल्यावर पोचलेलं असतं. मीही त्यातलीच. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं आई मी शाळेत असल्यापासून म्हणते. आणि तरी ही एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, देवापुढे हात जोडून मनातल्या मनातसुद्धा नाही. तिथेही मी दुसरंच काहीतरी मागते आणि चपला घालून निघते. तुला सांगतेय. तुलाच का, ते विचारू नकोस. मला नीट सांगता येणार नाही.

आधी थोडं दहीहंडीचं बोलावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्या गल्लीत मुलींचं पथक आहे. मी कॉलेजात असल्यापासून त्यात. माझा बांधा पहिल्यापासून आडवा, त्यामुळे मला कायम सगळ्यात खालच्या थरात उभं करायचे. वरच्या मुलींचे फोटो येतात, टाळ्या त्यांना. खालच्यांची फक्त डोकी दिसतात, तीही वाकलेली. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, खरंच. खाली उभं राहण्यात एक आराम असतो, आपल्याला काही बघायचंच नसतं. नियम एकच. खांदा काढायचा नाही. वरून पाणी ओतू दे, कोणाची टाच मानेत रुतू दे, बाजूची रडू दे — वर चढलेली मुलगी खाली उतरेपर्यंत खांदा काढायचा नाही. 'तिने खांदा काढला' असं एखादीबद्दल कोणी म्हटलं की तिचं पथकातलं दाणापाणी संपलं. यापुढची शिवी आमच्याकडे नाही.

आणि दर्शना. दर्शना आमच्याच मजल्यावरची, टोकाच्या खोलीतली. माझ्याएवढीच, पण काडी. शिडीशिवाय माळ्यावर चढायची. पथकात ती नेहमी माझ्याच खांद्यावरून वर जायची, तिला दुसरीचा खांदा चालायचा नाही. तिचा पाय कुठे पडणार, किती जोराने पडणार, हे मला न बघता कळायचं. इतकी वर्षं झाली त्याला.

पोलीस भरतीची तयारी करत होती ती तेव्हा. चाळीत कोणाच्या अंगावर खाकी आलेली नव्हती, त्यामुळे दर्शनाची भरती ही अख्ख्या चाळीची भरती होती. सकाळी ती मैदानात धावायला जायची आणि मी मोबाइलवर वेळ लावून कठड्यावर बसायचे. ती धापा टाकत यायची आणि आधी माझ्या तोंडाकडे बघायची — वेळ कमी झाली की वाढली, ते तिला माझ्या तोंडावरून कळायचं. धावायला तिने नवे बूट घेतले होते, पांढरे, बाजूला निळी पट्टी. ते बूट ती घरी आल्यावर फडक्याने पुसून कपाटावर ठेवायची. तिची आई हसायची तिला. देवापेक्षा बुटांची पूजा जास्त, म्हणायची.

सांदणला जायची कल्पना माझी. हे पण सांगून टाकते.

आमच्या चाळीतला संदेश सुट्टीच्या दिवशी लोकांना ट्रेकला घेऊन जातो. त्याने सांदण दरीचा बेत काढला आणि मी पथकातल्या मुलींच्या मागे लागले. दर्शना नको म्हणत होती. मैदानी चाचणी तोंडावर आलीये, पाय मुरगळला तर काय करू, असं तिचं म्हणणं. अगदी रास्त. मी तिला काय म्हटलं असेल? 'पोलीस होणार आणि दगडांना घाबरणार होय गं?' सगळ्या हसल्या, तीही हसली. आणि आली.

तू गेलायस का कधी तिथे, गेलीयेस का? कसाऱ्याहून जीपने साम्रद गावात जायचं, तिथून शेतांमधून थोडं चालायचं, आणि मग जमीन मधूनच चिरलेली दिसते. त्या चिरेत उतरायचं. दोन्ही बाजूंना काळ्या कातळाच्या भिंती, इतक्या उंच की मान मोडते, आणि मधली वाट काही ठिकाणी आमच्या चाळीतल्या गॅलरीएवढी. ऊन आत येतच नाही. वर उन्हाने रान करपलेलं आणि आत हाताला कातळ गार लागतो. सावलीची दरी म्हणतात तिला. खाली वाट अशी नाहीच, नुसत्या शिळा. कुठे बसून घसरायचं, कुठे चार पायांवर चालायचं, कुठे दोन दगडांमधून अंग चोरून निघायचं. माझं अंग चोरलं जात नाही, त्यामुळे माझी चेष्टा भरपूर झाली. दर्शना पुढे जायची, वळून मला हात द्यायची. इथे ठेव पाय, इथे नाही, हा हलतोय. दिवसभर असंच चाललं. मला पडू न देण्याची तिने फार काळजी घेतली.

हे वाक्य लिहिताना मला काही व्हायला हवं होतं. झालं नाही.

दरी जिथे एकदम खाली कोसळते तिथून पुढे दोराने उतरावं लागतं. आम्ही तिथे बसून डबे खाल्ले आणि त्याच वाटेने परत फिरलो. आता सगळं चढायचं होतं. एका ठिकाणी मोठी शिळा आडवी होती. तिच्या वर संदेश बसला होता, त्याने दोर सोडलेला आणि तो एकेकाला वर घेत होता. आमच्या पुढे दुसऱ्याच कुठल्या तरी ग्रुपची माणसं. रांग लागलेली. आम्ही दोघी सगळ्यात मागे. दर्शनाने कंटाळून बूट काढले आणि बाजूच्या डबक्यात पाय बुडवून बसली. मग उठून इकडेतिकडे फिरून आली आणि मला म्हणाली, "चल गं, मागून चढू. दोर कशाला? थर लावू ना दोघी."

दुसऱ्या कोणी हे केलं नसतं. दुसरी माणसं रांगेत उभी राहिली असती. पण आम्हाला भिंत दिसली की थर सुचतो, खोड आहे ती. शिळेला वळसा घालून मागच्या बाजूला गेलं की एक अरुंद खोबण होती. तिथून रांगेतली माणसं दिसत नव्हती, फक्त बोलणं ऐकू यायचं. वर हात पुरेल अशी एक कड होती, माझ्या खांद्यावरून तिला सहज मिळाली असती. ती वर गेली असती, मग तिने वरून मला ओढणी सोडली असती, की मी रांगेतूनच गेले असते — ते ठरवायचं राहिलं. मी भिंतीला हात लावून उभी राहिले, मान वाकवली. ती अनवाणीच चढली, हंडीला चढतो तशी. ओले पाय. आधी मांडी, मग खांदा. मला हसू येत होतं, तेवढं आठवतं.

ती वर कडेला हात घालून चाचपत होती. एक पाय माझ्या उजव्या खांद्यावर, दुसरा कातळात खाच शोधत होता. म्हणजे सगळा भार एका पायावर आणि तो पाय माझ्यावर.

आता इथे मी दरवेळी थांबते. मनात किती वेळा इथपर्यंत आले असेन! इथपर्यंत सगळं ओळीने आठवतं आणि मग मी उठून कुकर लावते, किंवा फोन बघते, किंवा नवऱ्याला उगाच काहीतरी विचारते. आज उठत नाही.

वरून आवाज आला. खड् खड् करत काहीतरी कातळावर आपटत खाली येत होतं. सकाळी दरीत शिरताना संदेशने सगळ्यांना बजावलं होतं, की इथे वर माकडं असतात, दगड सुटतात, दगड आला की भिंतीला चिकटा. ते सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं. दगड. मान वाकवलेली असल्यामुळे मला दिसत काहीच नव्हतं. आणि मी —

मी खांदा काढला.

घसरले नाही. पाय मुडपला नाही. भार झेपला नाही असंही नाही, तिचं वजन मला कधीच जड नव्हतं. मी तिच्या पायाखालून खांदा काढून घेतला आणि बाजूच्या भिंतीला जाऊन चिकटले. त्या एवढ्याशा वेळात मला विचार करायला वेळ मिळाला, हे तुला सांगायचंय. लोक म्हणतात ना, कळलंच नाही, आपोआप झालं. मला कळलं. दगड येतोय हे कळलं, वर दर्शना आहे हेही ठाऊक होतं, आणि मी ठरवलं की मला लागायला नको. ती त्या विचारात कुठेच नव्हती. मी एकटीच होते.

ती उभीच्या उभी खाली आली, टाचेवर. खाली दगड. आवाज फार मोठा झाला नाही.

आणि वरून आलं होतं ते तिच्या बाजूला पडून गोल फिरत राहिलं. पाण्याची रिकामी बाटली. प्लास्टिकची. वर कोणाच्या तरी हातातून सुटली असणार.

मी त्या बाटलीकडे बघत होते. दर्शनाकडे नाही, बाटलीकडे.

दर्शना ओरडली नाही. तिने ओठ घट्ट दाबून धरले होते, तोंड पांढरं पडलेलं. पहिलं वाक्य काय बोलली असेल? "पाय ओला होता गं माझा. पुसायला पाहिजे होता." आमच्या पथकात पाय पुसून चढायची सवय आहे, ओला पाय खांद्यावर द्यायचा नाही. तिला वाटलं तिचा पाय सटकला. ती वर बघत होती, कडेला हात घालून. खालून खांदा गेला की पाय सटकला, हे तिला कुठून कळणार? आणि माझा खांदा निघाला असेल असा संशय तरी तिने का घ्यावा? इतक्या वर्षांत तो कधी हलला नव्हता.

मग संदेश आला, मुली आल्या. काय झालं, काय झालं, सगळे एकदम. मी गप्प राहिले असते तर निदान गप्प राहिले असं म्हणता आलं असतं. पण मी बोलले. मी म्हटलं, "पाय ओले होते तिचे. सटकली." माझ्याच आवाजात, अगदी नीट. संदेशने जाता जाता ती बाटली उचलून आपल्या पिशवीत टाकली. दरीत कचरा ठेवायचा नाही असा त्याचा नियम.

भिंतीला घासून माझा खांदा सोलवटला होता, टीशर्ट फाटून रक्त आलं होतं. दर्शनाने ते बघितलं आणि तेव्हा ती रडायला लागली. स्वतःची टाच फुटली तेव्हा नाही. "माझ्या नखांनी झालं बघ," म्हणाली. "सॉरी गं. सॉरी." मी तिला म्हटलं, असू दे.

असू दे म्हटलं मी तिला.

साम्रदची माणसं आली. चादरीची झोळी करून त्यांनी तिला उचलली. त्या शिळांवरून, त्या खाचांमधून, पाण्यातून एकमेकांच्या हातात देत देत वर आणली. मला उचलायला कोणी सांगितलं नाही, माझा खांदा दुखावला होता ना. झोळीतून तिने मला हाक मारली आणि म्हणाली, "बूट घे हां माझे. भरतीचे आहेत." मी बूट घेतले. नाड्या एकमेकींना बांधून गळ्यात अडकवले आणि सगळी दरी चढले. मध्ये एकदा वर बघितलं. भिंतींच्या मधोमध आभाळाची एक चिंधी होती, तिच्यात ऊन होतं. खाली आमच्यापर्यंत काही येत नव्हतं.

तू म्हणशील, मग कधी सांगितलं नाहीस का? सांगणार होते. ऑपरेशन झालं की सांगू. मग पायाचं प्लास्टर निघालं की. मग वॉकर सुटला की. दरवेळी ती थोडी बरी असायची आणि मला वाटायचं, आता चांगली हसतेय, आता कशाला? आणि बरी नसायची तेव्हा तर प्रश्नच नव्हता. टाचेच्या हाडाचा चुरा झाला होता. डॉक्टरांनी आत धातूची पट्टी घालून स्क्रू मारून ते उभं केलं, पण धावायचं नाव काढू नका म्हणाले. मैदानी चाचणीच्या दिवशी ती पलंगावर पाय उंच करून पडली होती आणि मी तिच्या शेजारी बसून संत्रं सोलत होते. पुढची भरती लांबली. ती आली तोवर वय निघून गेलं होतं. तसंही काय, त्या पायाने?

तिच्या आईने मला त्या दिवसांत किती खाऊ घातलं! मी गेले की बांगडा तळायची. एकदा माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तू होतंस म्हणान माझा चेडू वाचला. नायतर डोक्यारच पडला असता." मी बांगडा खाल्ला. चांगला झाला होता. काटे बाजूला काढून ठेवले, ताट उचललं, घरी आले.

आता दर्शना दादरला एका साडीच्या दुकानात आहे. दिवसभर उभं राहायचं काम, पण मालकाने तिला काउंटरमागे एक स्टूल दिलंय. चाळीचा जिना ती एकेक पायरी चढते, चांगला पाय आधी, मग दुसरा. मी लग्न करून लालबागला गेले, दोन गल्ल्या सोडून, तेव्हा काही फार लांब नाही. परळच्या लॅबमध्ये रिसेप्शनला बसते, येता-जाता तिची गाठ पडते. तिचं लग्न झालं नाही. पायामुळे, असं कोणी उघड म्हणत नाही. बूट तिने एका धावणाऱ्या मुलीला देऊन टाकले. मला विचारलं होतं आधी, देऊ का म्हणून. मी म्हटलं, दे.

तुला वाटत असेल मी रात्ररात्र जागते, उशी भिजवते. नाही गं, नाही रे. मी झोपते. चांगली झोपते. सुरुवातीला छातीत काहीतरी अडकल्यासारखं व्हायचं, पुढे पुढे ते थांबलं. आता त्या जागेवर बोट ठेवून दाबलं तरी काही कळत नाही, दाढ काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल होतो तसं. मला भीती याचीच वाटते, एवढं एक वाटतं. दुसरं काही वाटत नाही.

पथक दर्शनाने सोडलं नाही. ती आता मुलींना शिकवते. गुरुपौर्णिमेला सराव सुरू होतो, तेव्हापासून रोज संध्याकाळी दुकानातून थेट गल्लीत येते, खुर्चीवर बसते आणि पहिल्याच दिवशी नव्या मुलींना सांदणची गोष्ट सांगते. हातात एक जुना टॉवेल असतो तिच्या. सांगून झालं की तो टॉवेल पहिल्या मुलीकडे टाकते. "पाय पुसा. मी पुसला नव्हता. बघा काय झालं ते," असं म्हणून सलवार वर करून टाच दाखवते. आणि मग माझ्याकडे बोट करते. मी तिथेच असते, मला पथकातून कोणी जाऊ देत नाही. "खाली ही होती. मी पडले, हिचा खांदा फाटला, पण ही जागची हलली नाही. खांदा असा पाहिजे." मुली वळून माझ्याकडे बघतात. मला गल्लीत लहान मुली 'खांदाताई' म्हणतात, हे सांगितलं का तुला? एका वर्षी मंडळाने माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ. फोटोत मी हसतेय.

आणि दर्शना अजून माझ्या खांद्याची चौकशी करते. पावसाळा लागला की हमखास. तिला वाटतं तिच्या पडण्याने माझी काहीतरी आतली शीर दुखावली, आणि मी सोसतेय. कधी तरी पहिल्या वर्षी मी 'थोडा ठणकतो' म्हणाले असेन. तेव्हापासून ठणकतो. माझ्या खांद्याला काहीही झालेलं नाही. ती खरचट आठवड्यात वाळली.

इथपर्यंतचं जुनं आहे. हे मी कदाचित तुला सांगितलंही नसतं, बरोबर घेऊन गेले असते. पण यंदाच्या सरावात एक झालं.

साक्षी म्हणून एक नवीन मुलगी आली होती, कॉलेजच्या पहिल्या वर्षाची. चांगली मजबूत, माझ्यासारखी, म्हणून खालच्या थरात. तिसराच दिवस असेल तिचा. दोन थर लागले होते, तिसरा चढत होता, आणि मागच्या गल्लीत कोणीतरी सुतळी बॉम्ब फोडला. साक्षी दचकली आणि खाली बसली. थर कोसळला. वरच्या मुलीला बाकीच्यांनी वरच्या वर झेललं, कोणाला खरचटलंसुद्धा नाही. ती वरची मुलगीच म्हणायला लागली, माझाच तोल गेला बहुतेक, माझा पाय नीट पडला नव्हता.

आणि साक्षी म्हणाली, "नाही ताई. तिची चूक नाही. मी घाबरले. मी खांदा काढला."

एवढंच. तिथल्या तिथे. कोणी विचारलंही नव्हतं तिला. केस तोंडावर आलेले, गुडघ्याला माती, आणि ती पोर सगळ्यांसमोर ते सरळ बोलून मोकळी झाली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. इतकं सोपं होतं का ते?

दर्शना खुर्चीतून उठली. तिला पटकन उठता येत नाही, पण उठली. मी तिला इतकं चिडलेलं कधी बघितलं नव्हतं. "घाबरलीस? मग घरी बसायचं. इथे वरच्या मुलीचा जीव तुझ्यावर असतो, कळतं का?" साक्षी मान खाली घालून उभी. मग दर्शनाने तिचा हात धरला आणि तिला माझ्यासमोर आणून उभं केलं. तिचा हात माझ्या खांद्यावर ठेवला. "बघ. हात लावून बघ. याला खांदा म्हणतात."

गरम हात होता तिचा. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळ्या माझ्याकडे बघतायत, मी काहीतरी बोलावं म्हणून. मला बोलता आलं असतं. तिच्याइतकंच एक वाक्य. दर्शना हातभर अंतरावर उभी होती.

मी साक्षीला म्हटलं, "आवाज आला तरी हलायचं नाही, बाळा. आपण हललो तर वरच्याने काय करायचं?"

हे मी बोलले. समजुतीने बोलले, मोठ्या बहिणीसारखी. दर्शनाने मान डोलावली.

साक्षी दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मुली म्हणाल्या, तिने ग्रुप सोडला. भाजीबाजारात मला एकदा लांबून दिसली, आईबरोबर होती. मला बघून तिने मान फिरवली, शरमेने. तिला माझी लाज वाटली. माझ्यापुढे उभं राहायची लाज.

मी कोथिंबीर घेतली आणि आले.

त्या दिवशी, साक्षीला बोलून झाल्यावर, सराव लवकर मोडला. मुली पांगल्या. दर्शना आणि मी दोघीच राहिलो. तिने टॉवेलची घडी केली, पिशवीत ठेवला आणि पिशवीतून बामची डबी काढली. तिच्या टाचेसाठी ठेवते ती. तिचा राग उतरला होता, जरा ओशाळली होती. "जास्तच बोलले का गं मी तिला?" म्हणाली. मग माझं उत्तर न ऐकताच झाकण उघडून बोटावर बाम घेतला. "ये, बस इथे. गारठा आहे आज, ठणकत असेल तुझा."

मी तिच्या पायाशी पायरीवर बसले. कुर्त्याचा गळा बाजूला केला आणि खांदा तिच्यापुढे धरला.